सासूबाईंनी वाचलेला पहिला अंक

“पुसून टाकलं! एवढी वर्षं पुसून टाकली यांनी!”

खोपोलीच्या शिळफाट्यावर भाईंच्या दुकानात शिरले, तर बँकेतले भाऊ काउंटरवर मूठ आपटत होते. मला वाटलं, बँकेचा सर्व्हर बंद पडला असेल. तसलं काही नव्हतं. आम्ही ज्या सुपरहीरोंची कॉमिक्स लहानपणापासून वाचत आलो, त्यांच्या कंपनीनं जाहीर केलं होतं की जुनी गोष्ट इथं संपली. आता सगळं नव्यानं, अंक पहिल्यापासून. नव्या वाचकाला मागचं काहीएक ठाऊक असायची गरज नाही. आणि हिंदी-इंग्रजीच्या जोडीला आता मराठीतसुद्धा!

आधी माणसं सांगून टाकते, म्हणजे घोळ नको. भाईंचं दुकान पुढून झेरॉक्स, वह्या आणि लग्नपत्रिकांचं. मागच्या भिंतीला मात्र एक लोखंडी मांडणी आहे आणि तिच्यावर फक्त कॉमिक्स. भाईंचे वडील खाडीकडचं गाव सोडून इथं धंद्याला आले, तेव्हापासूनची ती मांडणी. बँकेतले भाऊ खोपोलीतच नोकरीला, पन्नाशीला टेकलेले, एरवी गरीब स्वभावाचे. आणि मी जवळच्याच एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढणारी बाई, दहिवलीहून स्कूटीवर ये-जा करणारी. कॉमिक्सच्या पायी आम्ही तिघं एकत्र आलो. नाहीतर आमचं एकमेकांशी काय देणंघेणं!

आमची तिघांची लाडकी म्हणजे पाणी अडवणारी बाई. तळहात पुढे केला की पूर जागच्या जागी थांबतो, एवढीच तिची शक्ती. पण जुन्या गोष्टीत तिचं इतकं काही होऊन बसलं होतं की विचारू नका. ती दोनदा मेली होती. एकदा तिच्या जुळ्या बहिणीनं तिची जागा घेतली होती. तिचं लग्न खरं की स्वप्नातलं, यावर भाऊ आणि मी एक अख्खा पावसाळा भांडलो होतो. भाईंनी मध्ये पडून चहा मागवला म्हणून निभावलं.

भाऊंनी त्या दिवशी दुःखाच्या भरात काय करावं? पाणी अडवणाऱ्या बाईच्या जुन्या चित्राला मोबाईलवर हार घातला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि स्टेटसला ठेवलं. त्यांच्या मावशीनं पेणहून फोन केला, “कोण गेली रे? आपल्यातली होती का?” भाऊंना ते समजावता समजावता घाम फुटला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण खरं सांगू, मीही मनातून चिडलेच होते. आम्ही इतकी वर्षं नेटानं सगळं लक्षात ठेवलं आणि आता म्हणतात, ‘कोणीही या, इथून सुरू करा.’ म्हणजे आम्ही काय वेडे होतो?

“ताई, रागावू नका,” भाई म्हणाले. “दार उघडं केलं तर आतल्यांनी ओरडायचं कशाला? या मांडणीपाशी तुम्ही दोघं सोडून शेवटचं माणूस कधी आलं होतं, आठवतंय का?”

आठवत नव्हतं. आणि नेमकं तिथंच माझं दुखणं होतं. दुकानात आठवड्यातून एकदा अर्धा तास मिळायचा, तेवढंच बोलणं. घरी या विषयावर माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं, कधीच नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सामानात साड्यांपेक्षा कॉमिक्स जास्त निघाली. सासूबाईंनी एक उचलून बघितलं, परत ठेवलं आणि म्हणाल्या, “असू दे. पोरांना होतील.” पोरगा झाला, मोठा झाला, पुण्याला शिकायला गेला, त्यानं मोबाईलपलीकडे काही वाचलं नाही. नवरा रसायनीच्या कारखान्यात पाळीवर. आला की जेवतो आणि झोपतो, गुणाचा माणूस आहे, पण कॉमिक हातात दिलं की पोळी शेकायला कागद दिल्यासारखं बघतो. मला घरात एक माणूस हवं होतं, बस्स. जेवता जेवता “अगं, पण तिनं तसं का केलं?” असं विचारणारं एक माणूस.

नवे अंक आले त्या दिवशी भाईंनीच पैज लावली. तिघांनी मराठीतला एकेक अंक घरी न्यायचा. जन्मात कॉमिक न वाचलेल्या एका माणसाला द्यायचा. आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही, समजावायचं नाही. कंपनी म्हणते ना की कोणालाही कळेल? मग बघू या.

भाऊंची पैज पहिल्याच संध्याकाळी बुडाली. त्यांनी बायकोला अंक दिला, तिनं पान उलटलं आणि एवढंच विचारलं की ही बाई कोण. झालं! भाऊंनी पाणी अडवणाऱ्या बाईची आजी, आजीचा शाप, जुळी बहीण, सगळं सुरू केलं, तेही जुन्या गोष्टीतलं, जे या नव्या अंकात नव्हतंच मुळी. बायको म्हणाली, “डोकं चढलं माझं, बाम कुठंय?” भाईंनी आपल्या भाचीला दिला. तिनं गाडीची वाट बघता बघता वाचला, “छान आहे मामू,” म्हणाली आणि परत केला. तेवढ्यानं भाई दोन दिवस खूश होते.

मी कोणालाच दिला नाही. देणार कोणाला? टीव्हीच्या शेजारी ठेवला आणि भाकऱ्यांना लागले.

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, एक सवय आहे. मराठीत छापलेलं काहीही दिसलं की वाचायचं. शाळा चौथीपर्यंत झाली, पण वाचन सुटलं नाही. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, औषधाच्या बाटलीवरचं, बियाण्याच्या पिशवीवरचं, वड्याचा कागदसुद्धा तेल झटकून वाचतील. मी भाकरी थापत होते आणि मागून आवाज आला, “मराठीत हाय की गं हे!”

मी वळून बघितलं. आई खाली बसल्या होत्या, चष्मा लावलेला, अंक मांडीवर आणि बोट पानावर. मी तव्यावरची भाकरी करपवली.

आता ते पान कसं होतं ते सांगते. चार चौकटी, दोन वर आणि दोन खाली. वरच्या पहिल्या चौकटीत बाई खिडकीशी कप विसळतेय. तिच्या शेजारच्या चौकटीत धरणाच्या भिंतीला तडा जातो. खालच्या पहिल्या चौकटीत बाई जिन्यावरून धावत सुटलीय. आणि शेवटच्या चौकटीत तिचा तळहात पुढे, पाणी थांबलेलं. कॉमिक वाचणारं कोणीही वरची ओळ आधी आडवी वाचतं आणि मग खाली उतरतं. पण आई आयुष्यभर पेपर वाचत आलेल्या, आणि पेपरात मजकूर उभा असतो, रकान्यानं. त्यांचं बोट खिडकीवरून सरळ खाली जिन्यावर गेलं. मग वर जाऊन तडा, मग खाली पाणी.

“बघितलंस का?” त्या म्हणाल्या. “धरणाला अजून तडा नाय गेला नि ही धावत सुटली! हिला आधी कळतं गं!”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. पैज होती ना!

“यात नवल काय?” आई पानाकडे बघत आपल्याशीच म्हणाल्या. “आपल्याला नाय कळत? दूध उतू जायच्या आधी हात आपसूक जातो गॅसकडं. बाईमाणसाला आधीच कळतं.”

पुढच्या पानावर धरणावरचा साहेब येतो. बाई विचारते, “इतका वेळ कुठं होतात?” आणि साहेब म्हणतो, “कामात अडकलो होतो.” आईंच्या वाचण्यात साहेब आला, आल्या आल्या “कामात अडकलो होतो” म्हणाला आणि मग बाईनं विचारलं, कुठं होतात. आईंनी चष्मा वर करून शेरा मारला, “विचारायच्या आधीच सबब तयार! नवरा असणार तिचा.”

मी पिठाचे हात तसेच घेऊन मागच्या अंगणात गेले आणि पदर तोंडाशी धरून हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सासूनं कॉमिक वाचलं होतं! उलटंपालटं का होईना, एक पान न गाळता! आणि जेवायला बसल्यावर ताटातलं सुकट बाजूला सारून म्हणाल्या, “पण त्या नवऱ्यानं तिला एकदा तरी बस म्हणायचं की नाय? एवढं धरण थांबवलं तिनं.” मी किती वर्षं याच वाक्याची वाट बघत होते! तो नवरा नव्हता, हे माझ्या जिभेवर आलं आणि मी ते भाताच्या घासाबरोबर गिळून टाकलं.

दुकानात हे सांगितलं तर भाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. भाऊ मात्र गंभीर झाले.

“पण हे चूक आहे, वहिनी! तिला आधी कळत नाही, ती पाणी अडवते. तुम्ही सांगितलं नाहीत?”

“तुम्हीच ना पैज मान्य केलीत?”

“पैज वेगळी आणि चूक वेगळी. त्या बिचाऱ्या दुसरीच गोष्ट वाचतायत!”

“वाचू देत की,” मी म्हटलं. “तुमची पहिली गोष्ट वाचून तुमच्या बायकोनं बाम चोळला.”

भाऊंनी वरवर विषय सोडला. पण मनातून नाही सोडला.

रविवारी आमच्याकडे पोपटी होती. शेतातल्या वालाच्या शेंगा तयार झाल्या होत्या, थंडी होती, नवऱ्याला सुट्टी होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, अंडी; मडकं उपडं घालून भोवती जाळ पेटवला. भाईंना बोलावलं होतं, पण त्यांच्याकडे घरात लग्न होतं. भाऊ आले. मला आनंद झाला, हे आधी कबूल करते, कारण नंतर मी त्या माणसाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेंगा खाता खाता आईंनीच विषय काढला. भाऊ कॉमिक वाचणारे, हे त्यांना ठाऊक होतं. बोलणारं माणूस मिळालं म्हणून त्या खुलल्या. “काय रं बाबा, त्या बाईला सगळं आधी कळतं, मग धरण फुटणार हे तिनं सकाळीच का नाय सांगितलं?”

मी भाऊंकडे बघून डोळे वटारले. भाऊंच्या हातातली शेंग हातातच राहिली. आणि मग त्यांना राहवलं नाही.

“काकू, तसं नाही ते. ते आडवं वाचायचं असतं.” त्यांनी घरात जाऊन अंक आणला, पान उघडलं आणि बोट फिरवून दाखवलं. ही पहिली, ही दुसरी, मग खाली. अगदी प्रेमानं, लहान मुलाला शिकवावं तसं.

आईंनी ऐकून घेतलं. मान हलवली. भाऊंच्या पानात आणखी दोन अंडी टाकली. मग हात धुतले, अंक उचलला, आत जाऊन तांदळाच्या कणगीवर ठेवला आणि त्यावर सूप पालथं घातलं. बाहेर आल्या त्या गायीला पेंढा टाकायला निघून गेल्या.

भाऊ गेल्यावर मी गोठ्यात गेले. आई पेंढा टाकून झाला तरी तिथंच उभ्या होत्या.

“आई, तुम्ही वाचली ती गोष्टच बरी होती,” मी म्हटलं.

“तू हसत होतीस ना गं मागं जाऊन?” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “आणि मी बायांना सांगून बसले. शेंगा तोडताना सगळी गोष्ट सांगितली, हिला आधी कळतं म्हून. आता त्या म्हणतील, म्हातारीला वाचायला येत नाय.”

त्यांच्या वाचनाबद्दल आजवर कोणी काही बोललं नव्हतं. सासरी आल्या तेव्हा वाडीतल्या बायकांची पत्रं त्याच वाचून दाखवायच्या. मला इतकं वाईट वाटलं की मी घरात येऊन थेट भाऊंना फोन लावला आणि त्यांची आई, बहीण सोडून बाकी सगळं काढलं. “तुमच्यासारख्या लोकांमुळे कोणी आत येत नाही! दारात उभे राहून तिकिटं तपासता!” फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, “एवढं काय त्या पुस्तकाचं?” त्यालाही ऐकावं लागलं.

मग दिवस तसेच गेले. कणगीवरचं सूप कोणी उचललं नाही. आई पेपर वाचायच्या, पण मोठ्यानं वाचून दाखवणं त्यांनी बंद केलं होतं. मी दोनदा विषय काढायला गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी मला भाजी निवडायला बसवलं. मनाशी म्हटलं, संपलं. एवढं हातातोंडाशी आलेलं माणूस त्या शहाण्यानं घालवलं.

आणि मग एका संध्याकाळी मी पळसदरीच्या रस्त्यानं घरी आले, तर ओटीवर शेजारच्या तीन बायका बसलेल्या. मी आल्यावर त्या उठल्या आणि तोंडाला पदर लावून हसत निघून गेल्या. आत गेले. आई जमिनीवर बसलेल्या, समोर फाडलेलं खाकी पाकीट, आणि मांडीवर दुसरा अंक.

दुसरा अंक, जो मी अजून बघितलाही नव्हता!

“तो बँकवाला आला होता दुपारी,” आई म्हणाल्या. “उंबऱ्यात उभा राहिला. हात जोडले, पाकीट दिलं नि गेला. तोंडातून शब्द नाय काढला बिचाऱ्यानं. चहापण नाय घेतला.”

“आणि तुम्ही उघडलंत?”

“मग काय करू? या बाया रोज विचारतात, पुढं काय झालं गं त्या बाईचं? रोज काय सांगू त्यांना?”

मी पर्स तशीच खांद्याला लावून उभी. नवा अंक माझ्या आधी कोणीही वाचलेला मला खपत नाही. माहेरी भावानं एकदा तसं केलं तर मी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते. माझा पारा चढायला लागला होता.

“तुमच्या त्या रीतीनं आडवं वाचलं,” आई सांगत होत्या. “मग माझ्या रीतीनं उभं वाचलं. आडव्यात समजतं नीट, खोटं कशाला बोलू. पण उभ्यात मजा हाय. बायांना दोन्ही सांगितल्या. त्यांना उभीच आवडली.” आणि मग पुढे वाकून, आवाज खाली आणून, डोळे मोठे करून म्हणाल्या, “शेवटी काय होतं ठाऊक हाय का?”

“नाही! आई, नका सांगू! एक शब्द बोलू नका!” मी किंचाळलेच. “मला वाचायचंय अजून!”

त्यांनी हातानं तोंड दाबून धरलं. पण हाताच्या वर डोळे हसत होते, आणि खांदे हलत होते, आणि ते गुपित त्यांच्या पोटात मावत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. “एवढंच सांगते,” बोटांच्या फटीतून त्या म्हणाल्या. “त्या साहेबाचं. फक्त साहेबाचं.”

या घरात मी आले त्याला किती वर्षं झाली! इतक्या वर्षांत पुढचं काय झालं ते माझ्या आधी कोणालाच ठाऊक नसायचं, कारण इथं वाचणारी मी एकटीच. आणि आज हे बघा, एक बाई पुढचं सांगायला तडफडतेय.

मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

“सांगा,” म्हटलं. “सगळंच सांगा.”